उलटे बसून पुढे जाणे : दिव्यांगांच्या रोइंगची गोष्ट



व्यायामावर लेख लिहिला की एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या घरातली व्यक्ती व्हीलचेअरवर आहे", "एक पाय गुडघ्याखाली काढलेला आहे", "डोळ्यांनी दिसत नाही", मग त्यांनी काय करायचे? रोज अर्धा तास भरभर चाला, लिफ्ट टाळून जिना चढा, हे आमचे नेहमीचे सल्ले त्यांच्या काही कामाचे नसतात. हृदय, रक्तवाहिन्या, साखर, वजन हे सगळे मात्र त्यांनाही आहेच. उलट बसून राहिल्यामुळे त्यांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो.

या प्रश्नाचे एक उत्तर फारसे कोणाला माहीत नसते. ते म्हणजे रोइंग, अर्थात वल्हवण्याचा खेळ. हा खेळ दिव्यांगांसाठी खुला कसा झाला, त्याला इतका वेळ का लागला आणि त्यात वैद्यकशास्त्राचा वाटा काय, हे आज पाहू. इतिहास असला तरी त्यातून रोजच्या उपयोगाच्या बऱ्याच गोष्टी समजतात.

रोइंगमध्ये शरीर नेमके काय करते?

मराठीत नौकानयन म्हटले की त्यात शिडाची होडीही येते, म्हणून मी रोइंग हाच शब्द वापरतो. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांच्यामुळे हा खेळ आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकट्याच्या बोटीच्या शर्यतीत तेरावे आले होते.

रोइंगची शर्यतीची बोट लांब, अरुंद आणि अतिशय हलकी असते. आत बसायची जागा रुळांवर मागेपुढे सरकते. पाय एका फळीवर घट्ट बांधलेले असतात. खेळाडू गुडघे दुमडून पुढे सरकतो, वल्ही पाण्यात बुडवतो, पायांनी फळीला जोर देतो, मग पाठ मागे नेतो आणि शेवटी हात छातीकडे ओढतो. म्हणजे पाहणाऱ्याला हा हातांचा खेळ वाटतो, पण ढोबळमानाने साठ टक्के जोर पायांचा, तीस टक्के धडाचा आणि जेमतेम दहा टक्के हातांचा असतो.

हे गणित लक्षात ठेवा. दिव्यांगांच्या रोइंगचा सगळा इतिहास याच गणिताभोवती फिरतो. ज्याचे पाय चालत नाहीत त्याचा सर्वांत मोठा वाटाच गेलेला असतो. मग उरलेल्या शरीरावर बोट पळवायची कशी?

ज्यांना दिसत नाही, त्यांनी सुरुवात केली

रोइंगची एक गंमत आहे. वल्हवणारा प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो. पुढे काय आहे हे डोळस खेळाडूलाही दिसत नाही. मोठ्या बोटीत दिशा सांभाळायला कॉक्सवेन नावाचा वेगळा माणूस असतो. तो सुकाणू धरतो आणि मोठ्याने सूचना देतो. बाकीच्यांनी फक्त तालात वल्हवायचे. म्हणजे अंध माणसाला लागणारी मदत या खेळात आधीपासूनच आहे. त्याच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

ही गोष्ट पहिल्या महायुद्धात लंडनमध्ये लक्षात आली. तोफगोळे आणि विषारी वायूंमुळे दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअरसन यांनी १९१५ मध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था सुरू केली. पिअरसन स्वतः वृत्तपत्रांचे मालक होते आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. अंध सैनिकाला दयेवर जगवायचे नाही, त्याला ब्रेल, टंकलेखन, मालिश, कोंबडीपालन असे काहीतरी शिकवून पायावर उभे करायचे, असा त्यांचा आग्रह होता. संस्था रीजेंट्स पार्कमध्ये होती आणि तिथे तळे होते. त्या तळ्यावर हे सैनिक वल्हवायला लागले. पुढे थेम्स नदीवर त्यांच्या शर्यतीही झाल्या. काठी टेकत, भिंत चाचपत चालणाऱ्या माणसाला पूर्ण जोर लावून मोकळेपणाने शरीर हलवता येईल, अशी जागा फार थोडी असते. पाण्यावर ती मिळाली.

या संस्थेचा धागा भारतापर्यंत येतो. गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेन्झी सेंट डन्स्टन्समध्ये शिकले. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी त्यांनीच डेहराडूनला त्याच नावाचे केंद्र उभे केले. आज डेहराडूनला दृष्टिबाधितांसाठीची जी राष्ट्रीय संस्था आहे, तिची मुळे त्या केंद्रात आहेत.

मज्जारज्जूची दुखापत : आधी जगणे, मग खेळणे

अंधांचे ठीक, त्यांचे हातपाय शाबूत होते. ज्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली, त्यांची कहाणी वेगळी आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा इजिप्तमधला एक वैद्यकीय ग्रंथ एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखला जातो. मान मोडून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णावर उपचार करू नयेत, असा त्यातला निष्कर्ष आहे. दुर्दैवाने पहिल्या महायुद्धापर्यंत परिस्थिती फारशी बदललेली नव्हती. असे बहुतेक सैनिक लवकरच दगावत. मृत्यू कण्याच्या जखमेने येत नसे. तो येई पाठीवर पडणाऱ्या शय्याव्रणांनी, म्हणजे बेडसोअरने, आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने.

हे चित्र बदलणाऱ्या डॉक्टरांमध्ये लुडविग गुटमन यांचे नाव आघाडीवर आहे. ते जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचे ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ. नाझी राजवटीतून निसटून १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे त्यांच्या देखरेखीखाली मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी खास विभाग सुरू झाला. त्यांचे नियम ऐकायला साधे होते. रुग्णाला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवायचे. लघवीची नळी अत्यंत स्वच्छतेने हाताळायची. आणि रुग्णाला नुसते पडू द्यायचे नाही, त्याला काम द्यायचे आणि खेळायला लावायचे.

खेळ हा त्यांच्या दृष्टीने करमणुकीचा तास नव्हता, तो उपचाराचा भाग होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात १६ व्हीलचेअरधारक माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्यात दोन स्त्रिया होत्या. त्या रोपट्यातून १९६० मध्ये रोमचे खेळ झाले आणि पुढे त्यांनाच पहिले पॅरालिम्पिक मानले गेले.

रोममध्ये पोहणे होते, धनुर्विद्या होती, बास्केटबॉल होते. रोइंग नव्हते. पॅरालिम्पिकमध्ये रोइंग यायला २००८ साल उजाडले. म्हणजे ४८ वर्षे.

इतका उशीर का?

पहिले कारण भीती. अरुंद बोट तोल गेला की क्षणात उलटते. कमरेखाली संवेदना नसलेला माणूस बोटीला पट्ट्यांनी बांधायचा आणि बोट उलटली तर? पोहण्याच्या तलावात काठ हाताशी असतो, नदीत नसतो. ही भीती खोटी नव्हती. पण ती दूर करण्याचे उपाय शोधण्याऐवजी बरीच वर्षे तिचाच आधार घेऊन दार बंद ठेवले गेले.

दुसरे कारण बोट. सरकती बैठक पाय चालणाऱ्यांसाठी बनवलेली असते. पाय हलत नसतील तर ती बैठक उपयोगाची नाहीच, शिवाय धोक्याची.

तिसरे कारण काठ. बोटीपर्यंत पोहोचायचे कसे? घाटाच्या पायऱ्या, चिखल, हलणारा धक्का. पाण्यावर गेल्यावर व्हीलचेअर लागतच नाही, पण पाण्यापर्यंतचे शेवटचे वीस फूट पार होत नाहीत.

चौथे कारण न्याय. एकाचा पाय गेलेला, दुसऱ्याचे छातीखाली काहीच हलत नाही, तिसऱ्याला दिसत नाही. यांची शर्यत लावायची कशी?

यातली पहिली तीन कोडी मोठ्या संघटनांच्या आधी छोट्या क्लबांनी आणि पुनर्वसन केंद्रांनी सोडवायला घेतली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्कूलकिल नदीवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिव्यांगांसाठी नियमित रोइंग सुरू झाले. तिथे त्यांच्या स्वतंत्र शर्यतीही भरू लागल्या.

माणूस नाही, बोट बदला

या लोकांनी काय केले? सरकती बैठक काढली आणि तिच्या जागी पाठ असलेली पक्की खुर्ची बसवली. पाठीचे स्नायू कमजोर असतील तर छातीभोवती रुंद पट्टा. गुडघे वर उसळू नयेत म्हणून मांड्यांवर दुसरा पट्टा. हे सगळे पट्टे एका हाताने, एका झटक्यात सुटतील असेच असले पाहिजेत, हा नियम आजही कडक आहे. बोटीच्या दोन्ही बाजूंना छोटे तरंगणारे डबे लावले, त्यांना पाँटून म्हणतात. लहान मुलाच्या सायकलला मागे दोन छोटी चाके असतात ना, तसेच. बोट रुंद केली. ती थोडी हळू जाते, पण स्थिर राहते. हाताची पकड कमी असेल तर वल्ह्याची मूठ जाड केली किंवा हातमोज्याने हात मुठीला बांधला.

यात कुठलेही महान तंत्रज्ञान नाही. लोखंड, फळी, फोम आणि वेल्क्रो. नवीन होता तो प्रश्न विचारण्याचा रोख. "हा माणूस बोटीत बसण्यालायक आहे का?" असे न विचारता "ही बोट या माणसाला बसण्यालायक आहे का?" असे त्यांनी विचारले. दिव्यांगत्वाकडे पाहण्याचा आजचा दृष्टिकोन याच धर्तीवर आहे. अडचण काही अंशी शरीरात असते आणि बरीचशी आपण बांधलेल्या जगात असते.

सेव्हिल ते पॅरिस

जागतिक रोइंग महासंघ हा फार जुना, १८९२ मध्ये स्थापन झालेला. २००२ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल येथे त्याच्या जागतिक स्पर्धेत दिव्यांगांच्या शर्यती झाल्या. महत्त्वाची गोष्ट ही की त्या वेगळ्या कोपऱ्यात नाही, त्याच स्पर्धेत, त्याच पाण्यावर झाल्या. २००५ मध्ये पॅरालिम्पिक समितीने रोइंगला मान्यता दिली आणि २००८ मध्ये बीजिंगला चार शर्यती झाल्या : पुरुषांची एकेरी, महिलांची एकेरी, एक स्त्री आणि एक पुरुष अशी दुहेरी, आणि दोन स्त्रिया, दोन पुरुष व कॉक्सवेन अशी चौघांची बोट.

इथे थोडे थांबा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे रोइंग १९०० पासून होते, स्त्रियांना मात्र १९७६ पर्यंत थांबावे लागले. दिव्यांगांच्या रोइंगने पहिल्याच दिवशी स्त्री-पुरुषांना समान जागा दिल्या आणि एकाच बोटीत बसवले. उशिरा येणाऱ्याला एक फायदा असतो, आधीच्यांच्या चुका त्याला गिरवाव्या लागत नाहीत.

बीजिंगला पुरुषांची एकेरी जिंकली ब्रिटनच्या टॉम ॲगर यांनी. ते रग्बी खेळायचे. २००५ मध्ये उंचावरून पडून मज्जारज्जूला इजा झाली आणि पाय गेले. दोनच वर्षांत ते जगज्जेते झाले आणि तिसऱ्या वर्षी पॅरालिम्पिक विजेते. महिलांची एकेरी ब्रिटनच्याच हेलीन रेन्सफोर्ड यांनी जिंकली.

डॉक्टर म्हणून मला आणखी दोन नावे सांगावीशी वाटतात. इस्रायलच्या मोरान सॅम्युएल बास्केटबॉल खेळाडू होत्या. २००६ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, त्यांना मज्जारज्जूचा पक्षाघात झाला. मेंदूला रक्तपुरवठा थांबून पक्षाघात होतो हे सर्वांना माहीत असते, पण मज्जारज्जूच्या रक्तपुरवठ्यातही असा अडथळा येऊ शकतो. तो दुर्मीळ असतो आणि तरुण वयातही होऊ शकतो. त्या पुढे मुलांच्या फिजिओथेरपिस्ट झाल्या. एकेरी रोइंगमध्ये त्यांनी रिओला कांस्य, टोकियोला रौप्य आणि २०२४ मध्ये पॅरिसला, वयाच्या ४२ व्या वर्षी, सुवर्ण मिळवले.

दुसऱ्या ब्रिटनच्या पामेला रेल्फ. त्यांना सोरायसिसबरोबर येणारा संधिवात होता, ज्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. त्याने त्यांच्या मनगटाची हालचाल गेली. चौघांच्या बोटीत त्यांनी २०१२ आणि २०१६ अशी दोन सुवर्णपदके जिंकली. दिव्यांगत्व म्हणजे व्हीलचेअर असे चित्र आपल्या डोक्यात पक्के असते. प्रत्यक्षात संधिवाताने आखडलेले मनगटही दिव्यांगत्व असू शकते आणि ते बाहेरून दिसतही नाही.

कोणाची शर्यत कोणाशी?

चौथे कोडे सोडवायला डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट लागले. निदान काय आहे हे बाजूला ठेवून त्यांनी एकच गोष्ट पाहिली : वल्हवताना शरीराचा कोणता भाग कामाला येतो? त्यावरून तीन गट झाले. २०१७ पासून त्यांना पीआर१, पीआर२ आणि पीआर३ म्हणतात.

• पीआर१ : फक्त हात आणि खांद्यांचा जोर. धडाचा तोल सांभाळता येत नाही. पक्की खुर्ची, छातीचा पट्टा आणि पाँटून सक्तीचे.

• पीआर२ : धड आणि हात काम करतात, पण पायांनी सरकती बैठक ढकलता येत नाही. पक्की खुर्ची.

• पीआर३ : पाय, धड, हात तिन्ही काही प्रमाणात चालतात. नेहमीची सरकती बैठक. एक पाय किंवा हाताचा काही भाग गमावलेले, सौम्य सेरेब्रल पाल्सी असलेले आणि दृष्टिबाधित खेळाडू यात येतात.

दृष्टिबाधितांना पूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधावी लागत असे. कारण कोणाला अजिबात दिसत नाही आणि कोणाला थोडे दिसते. पट्टी बांधली की सगळे सारखे.

ही पद्धत शहाणपणाची आहे, पण तिच्याही कडा टोचतात. पीआर१ च्या खेळाडूच्या पोटाच्या स्नायूंत थोडा जोर शिल्लक असला तरी छातीचा पट्टा तो वापरू देत नाही. कागदावर सीमारेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर एखाद्याची कारकीर्द ठरते. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी जागतिक स्पर्धेत काही वर्षे शर्यत होती, पण पॅरालिम्पिकच्या रोइंगमध्ये त्यांना जागा मिळालेली नाही. दार उघडले तरी ते सगळ्यांसाठी सारखे उघडत नाही, हे इतिहास सांगताना लपवून चालणार नाही.

हजार मीटर की दोन हजार?

सुरुवातीला दिव्यांगांची शर्यत १००० मीटरची होती आणि इतरांची २००० मीटरची. यामागे काळजी होती. पण खेळाडूंना ती काळजी नको होती. मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअरवाले पूर्ण ४२ किलोमीटर जातात, मग आम्हालाच अर्धे का? २०१७ पासून अंतर २००० मीटर झाले आणि टोकियोचे पॅरालिम्पिक या अंतरावरचे पहिले ठरले. रिओला पुरुषांची एकेरी पाच मिनिटांच्या आत संपली होती. टोकियोला विजेत्याला पावणेदहा मिनिटांहून जास्त वेळ लागला.

केवळ हात आणि खांद्यांच्या बळावर जवळपास दहा मिनिटे सर्वशक्तीने वल्हवायचे म्हणजे काय, याची कल्पना करा. शिवाय छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झाली असेल तर हृदयाची गती वाढवणाऱ्या नसांचा संबंधही तुटलेला असतो. अशा माणसाच्या नाडीचे ठोके कितीही जोर लावला तरी साधारण १२०-१३० च्या आसपासच अडकतात. इंजिन लहान आणि रस्ता तेवढाच लांब.

लुळ्या पायांनी वल्हवणे

यातूनच एक वेगळी वाट निघाली. मज्जारज्जू तुटला तरी त्याखालचे स्नायू आणि त्यांच्या नसा बऱ्याचदा जिवंत असतात, फक्त वरून आज्ञा येत नाही. मांडीवर चिकटपट्ट्यांसारखे इलेक्ट्रोड लावून सौम्य विद्युतप्रवाह सोडला तर ते स्नायू आकुंचन पावतात. १९९० च्या दशकापासून कॅनडा आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे तंत्र रोइंगच्या घरातल्या यंत्राला जोडले. खेळाडू मुठीवरचे बटण दाबतो, पाय ताठ होतात आणि बैठक मागे सरकते. सोडले की पाय दुमडतात.

फायदा असा की नुसत्या हातांच्या व्यायामात जेवढा प्राणवायू वापरला जातो, त्याहून जास्त यात वापरला जातो. म्हणजे हृदयाला खरा व्यायाम मिळतो. याने मज्जारज्जू बरा होत नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. कोणी तसे सांगून पैसे मागत असेल तर सावध राहा.

पुण्याची मुळा-मुठा आणि आपण

आता आपल्याकडे येऊ. दिव्यांग सैनिकांच्या पुनर्वसनात पुण्याचे नाव मोठे आहे. कृत्रिम अवयव केंद्र इथे १९४४ पासून आहे. खडकीला मज्जारज्जूची इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. आधी ते मुष्टियोद्धे होते. मग त्यांनी पाण्याचा रस्ता धरला आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्ण जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. गुटमन यांचा विचार आपल्या मातीत कसा रुजला याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

लष्कराचे रोइंगचे केंद्रही पुण्यातच, दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. सैनिक कोंगनपल्ले नारायण यांनी २०१५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावला. पुण्यात लष्कराच्या दिव्यांग खेळाडूंच्या केंद्रात ते रोइंगचा सराव करू लागले. त्यांच्या जोडीदार अनिता यांनी अपघातात पाय गमावलेला आहे. या जोडीने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्या आठव्या क्रमांकावर आल्या-आले. पॅरालिम्पिकच्या रोइंगमध्ये भारत उतरण्याची ही पहिलीच वेळ होती.

कौतुक आहेच. पण लक्षात घ्या, ही वाट बहुतेक लष्कराच्या आधाराने तयार झाली. दुचाकीवरून पडून कणा मोडलेला, किंवा विहिरीवर, झाडावर काम करताना पडलेला आपला माणूस अशा केंद्रापर्यंत पोहोचत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३० मध्ये दिव्यांगांना खेळात सहभागी होता यावे, यासाठी सरकारने उपाय योजावेत असे म्हटले आहे. कायदा आहे. तळ्याच्या काठाला उतार आहे का, हे आपण जाऊन पाहायला हवे.

घरी किंवा क्लबमध्ये सुरू करायचे असेल तर

नदीच हवी असे नाही. व्यायामशाळेतल्या रोइंगच्या यंत्रालाही पक्की खुर्ची बसवता येते. व्हीलचेअर ढकलणाऱ्यांचे छातीचे पुढचे स्नायू वाजवीपेक्षा ताणले जातात आणि खांदे दुखू लागतात. रोइंगमध्ये ओढण्याची क्रिया असल्याने पाठीचे आणि खांद्यामागचे स्नायू बळकट होतात, हा वेगळा फायदा. मात्र काही गोष्टी आधी पाहाव्यात :

१. आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. रक्तदाब, हृदय आणि खांदे पाहून घ्यावेत. फिट्सचा त्रास असेल तर पाण्यावर जाण्याआधी सल्ला आवश्यकच.

२. बसायच्या जागी संवेदना नसेल तर चांगली उशी हवी. प्रत्येक सत्रानंतर आरसा वापरून किंवा घरच्यांकडून त्वचा तपासा. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही तर व्रणाची ती सुरुवात समजा. त्वचेवर उघडी जखम असताना नदीच्या पाण्यात जाऊ नका.

३. व्यायामाआधी मूत्राशय रिकामे करा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल तर भरलेले मूत्राशय, घट्ट पट्टा किंवा न जाणवलेली जखम यामुळे रक्तदाब एकदम भडकू शकतो. डोके प्रचंड दुखते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. ताबडतोब ताठ बसवा, पट्टे सैल करा, लघवीची नळी तुंबली आहे का पाहा. आराम पडला नाही तर रुग्णालय गाठा. आडवे झोपवू नका.

४. पाय वापरात नसले की त्यांची हाडे ठिसूळ होतात. खुर्चीतून बोटीत नेताना पाय आपटू किंवा पिरगळू देऊ नका.

५. उन्हात जपा. इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते. सकाळची वेळ, पाणी आणि ओला पंचा.

६. जीवरक्षक जाकीट, सोबत दुसरी बोट आणि पट्टे सोडण्याचा काठावर आधी केलेला सराव, या तिन्हींशिवाय पाण्यावर जायचे नाही.

शेवटी एवढेच. एकेकाळी ज्या दुखापतीपुढे वैद्यांनी हात टेकले होते, त्याच दुखापतीची माणसे आज दोन हजार मीटर वल्हवतात. मधल्या काळात जखम तीच राहिली. बदलली ती शुश्रूषा, खुर्ची, पट्टा, काठाचा उतार आणि समोरच्याकडे पाहण्याची नजर. यातली पहिली गोष्ट आम्हा डॉक्टरांची. बाकीच्यांसाठी सुतार, अभियंता, क्लबचा सचिव, नगरपालिका आणि घरातली माणसे लागतात. तुमच्या गावात तळे असेल, बोट क्लब असेल, तर एकदा जाऊन विचारा : व्हीलचेअर पाण्यापर्यंत जाते का? उत्तर "नाही" असेल तर तेही विचारा, "कधी जाईल?"

काळजी घ्या, हालचाल चालू ठेवा.